साठवलेली दुपार

१

दुपारी पावणेचार झाले की सुमेधाची तयारी सुरू व्हायची. नरहररावांच्या तोंडावरून ओला टॉवेल फिरवायचा, धुतलेला सदरा घालायचा, धरून धरून खिडकीजवळच्या टेबलापाशी आणायचं, पाठीशी उशी द्यायची. संकठा घाटाकडे उतरणारी गल्ली त्या वेळी जरा निवांत असते. देवीच्या देवळातली घंटा, अडकलेल्या मोटरसायकलचा हॉर्न, समोरच्या गच्चीवरून माकडं हाकलणाऱ्या बाईचा आवाज, एवढंच काय ते वर येतं.

चार वाजले की सुमेधा लॅपटॉप उघडायची.

नरहरराव सप्रे एके काळी शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे. बनारसमध्ये तेव्हा कॉम्प्युटर पाहिलेली माणसंसुद्धा फार नव्हती. अठ्ठ्याऐंशी साली त्यांनी स्वतःचं एक यंत्र घेतलं होतं. जाडजूड कीबोर्ड, त्याच्या पोटातच सगळं यंत्र. टीव्हीला जोडायचं आणि टेपरेकॉर्डरवरून प्रोग्राम चढवायचा. त्यावर त्यांनी तिथीचा एक प्रोग्राम लिहिला. तारीख टाइप केली की महिना, पक्ष, तिथी पडद्यावर. आसपासचे मराठी गुरुजी आधी हसले, मग एकेक करून तीन मजले चढून यायला लागले.

आता त्याच माणसाला दीड वर्षापासून विसर पडत चालला होता. आधी माणसांची नावं गेली, मग वाटा गेल्या. चैत्रात मराठी गेली. एका सकाळी सुमेधानं चहा पुढे केला, तर दोन्ही हातांनी कप घेऊन ते अदबीनं म्हणाले, "बड़ी कृपा आपकी। आप इसी मोहल्ले की हैं?"

हिंदी त्यांच्या घरात बाहेरच्यांसाठी होती. दूधवाल्यासाठी, बँकेतल्या साहेबांसाठी. उंबरठा ओलांडला की मराठी. नवऱ्यानं आपल्याशी हिंदीत बोलावं याचा अर्थ सुमेधाला डॉक्टरांच्या कुठल्याही रिपोर्टपेक्षा लवकर कळला. कप त्यांच्या हातात तसाच ठेवून ती मोरीत जाऊन रडली.

एम्युलेटर ही मुलीची, मधुराची कल्पना. ती पुण्याला असते. व्हिडिओ कॉलवर तिनंच आईकडून ते लॅपटॉपवर चढवून घेतलं.

"म्हणजे बघ आई, तुझा लॅपटॉप बाबांचं जुनं मशीन असल्याचं सोंग घेतो."

"आणि हे सोंग त्यांना पटेल?"

"सेटिंग बदलत राहा. वेग, पडद्याचा रंग, टेपचा आवाज. जे पटेल ते नाव देऊन सेव्ह कर. त्याला प्रोफाइल म्हणायचं. दुसऱ्या दिवशी लोड म्हटलं की सगळं जसंच्या तसं. फक्त एक लक्षात ठेव, त्यात सेटिंगच राहतात. बाबा जे टाइप करतील ते राहत नाही. बंद केलं की गेलं."

आठ दिवस काही घडलं नाही. नवव्या दिवशी सुमेधानं वेग अगदी खाली आणला, पडदा हिरवट केला, जुन्या टीव्हीच्या आडव्या रेघा आणल्या आणि टेपची घरघर सुरू केली. नरहररावांची पाठ ताठ झाली. बोटं बटणांवर गेली. ती स्वयंपाकघराच्या दारात झारा हातात घेऊन उभी होती.

"सुमे, आवाज कमी कर," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "खाली लोक झोपलेत."

"हो," ती म्हणाली. मग पुढे होऊन, ओल्या बोटांनी, तिनं ते सेव्ह केलं. नाव दिलं, 'चार वाजता'.

२

त्या दिवसापासून रोज दीड तास तिला नवरा परत मिळायला लागला.

प्रोग्राम रोज नव्यानं लिहावा लागे. ते साठेक ओळी पाठ म्हटल्यासारख्या टाइप करत, एक चूक नाही. मग आजची तारीख घालत, आलेली तिथी मोठ्यानं वाचत, चहा मागत, चहात आलं कमी आहे म्हणत. साडेपाचच्या सुमारास नजर भिरभिरायला लागे आणि हिंदी परत येई.

पहिलं वाक्य मात्र रोज तेच. सुमे, आवाज कमी कर, खाली लोक झोपलेत. आजारी माणसं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलतात हे सुमेधाला ठाऊक होतं. तिनं ते मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं ते दाढीचं. अन्नपूर्णा नावाची एक बाई सकाळी त्यांना आंघोळ घालायला, दाढी करायला यायची. सकाळी गुळगुळीत झालेल्या गालांवर चार वाजता दोन दिवसांचे खुंट दिसायचे. सुमेधाला वाटलं, आपला चष्मा बदलायला झाला. मग एका मंगळवारी अन्नपूर्णाचा हात घसरला, हनुवटी कापली, रक्त थांबेना म्हणून पट्टी लावली. चार वाजता लोड केल्यावर पट्टी सदऱ्याच्या कॉलरवर पडलेली होती. हनुवटीवर साधा ओरखडा नव्हता.

बँकेत बत्तीस वर्षं सह्या ताडून बघण्यात गेलेली बाई ती. जुळत नाही तिथे तिला चैन पडत नसे. दुसऱ्या दिवशी तिनं बॉलपेननं त्यांच्या डाव्या तळव्यावर 'सु' लिहिलं. तळवा आपल्या हातात उघडा धरला आणि दुसऱ्या हातानं लोड दाबलं. नजर तिनं तळव्यावरून हलवली नव्हती. फक्त एकदा पापणी लवली.

तळवा कोरा होता. पुसल्याचा डाग नाही, शाईची निळी झाक नाही.

खरं तर तिनं तेव्हाच ते यंत्र बंद करून ठेवायला हवं होतं. पण आदल्याच आठवड्यात न्यूरोच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की आता गिळणं जाईल, नाकातून नळी घालावी लागेल, मनाची तयारी ठेवा. आणि चार वाजता हा माणूस वाटीभर शिरा खाऊन वर बोट चाटत होता. सुमेधाच्या पोटात भीती होती, नाही असं नाही. पण तिच्या वरताण दुसरं काहीतरी होतं. ते तिला शिरा ढवळताना गाणं गुणगुणायला लावत होतं.

३

साडेपाचला नजर भिरभिरू लागली की पुन्हा लोड करायचं, हे तिला सुचायला वेळ लागला नाही. मग तिनं लॅपटॉप बंद करणंच सोडलं. अकरा दिवस.

अकरा दिवस नरहरराव घरात चालले, पेपरातल्या बातम्यांवर चिडले, अन्नपूर्णाला म्हणाले, "तुम अब आराम करो, हम ठीक हैं।" अन्नपूर्णानं सुमेधाकडे पाहिलं. सुमेधानं दुसरीकडे पाहिलं.

बाराव्या दिवशी दुपारी गल्लीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. इन्व्हर्टर थोडा वेळ वाजत राहिला आणि गप्प झाला. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तिनं पंधरा मिनिटंही धरली नाही. पडदा काळा झाला तेव्हा नरहरराव अधिक महिना कसा काढतात ते समजावत होते. वाक्य मध्येच तुटलं.

मग तिला एक आवाज आला. अगदी बारीक, कोरड्या कागदावरून मुंग्या जाव्यात तसा. तो कुठून येतोय हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. तो त्यांच्या गालांवरून येत होता. दाढी वाढताना आवाज होतो हे तिला आजवर माहीत नव्हतं. टेबलावर टेकलेल्या बोटांची नखं हळूहळू लाकडावर सरकत पुढे येत होती. गाल आत जात होते. अकरा दिवस कुठेतरी बाहेर थांबवून ठेवले होते, ते सगळे एकदम आत शिरले. चहावर साय धरायला लागते तेवढ्या वेळात सगळं संपलं. खुर्चीत एक वाळलेला म्हातारा बसला होता आणि तिच्याकडे घाबरून बघत होता.

"पानी," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी तिनं खिडकीशी बसून त्यांची नखं कापली. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून दुप्पट मोठी बॅटरी बसवून घेतली. मधुराला यातलं काही सांगितलं नाही. मधुराला दिवस गेले होते. जीव घाबरा होईल असं काही तिच्या कानावर घालायचं नव्हतं.

यापुढे दिवसातून एकदाच, फक्त दीड तास, असं तिनं स्वतःला बजावलं. आणि महिनाभर ती तसं वागलीही.

४

सातवा लागल्यावर मधुरा बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा कुशल मालवाहू जहाजावर असतो, जानेवारीपर्यंत समुद्रावरच होता. आश्विनातले दिवस, दोन दिवसांवर कोजागिरी. बॅग खांद्याला, एक हात कठड्यावर, अशी ती तीन मजले थांबत थांबत चढून आली. नरहररावांनी तिला हात जोडले.

"नमस्ते। किससे मिलना है?"

मधुरा हसली, "बाबांना भेटायचंय," म्हणाली आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला डोकं टेकून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी चारला सुमेधानं तिला टेबलाशी बसवलं. लोड केलं. नरहरराव टाइप करायला लागले, पण मुलीकडे त्यांची नजर वळेना. या अवघडलेल्या पोटाच्या बाईला ते ओळखत नव्हते.

"थांब, मी बघते," मधुरा म्हणाली. कॉम्प्युटरचंच काम करणारी मुलगी. तिनं वेग एक घर वाढवला, टेपची घरघर खाली आणली, रंग हिरव्यावरून थोडा पांढऱ्याकडे नेला. नरहरराव थांबले. मान वळवून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"मधुरा? कधी आलीस ग?"

"काल, बाबा."

"आणि हे कोण?" त्यांनी तिच्या पोटावर तळवा ठेवला. आतून लाथ बसली असावी, कारण ते दचकले आणि मोठ्यानं हसले. मधुरा रडता रडता हसायला लागली. सुमेधा दोघांच्या मध्ये बसली होती. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, गुडघा मुलीच्या गुडघ्याला टेकलेला. आयुष्यात यापेक्षा जास्त आपण काही मागितलं नव्हतं, असं तिला वाटलं.

"आई, हे आत्ताचं सेव्ह कर. पटकन!"

पडद्यावर प्रश्न आला. या नावाचं प्रोफाइल आधीच आहे. त्यावर लिहायचं का?

त्या क्षणी सुमेधाला तळव्यावरचं अक्षर आठवलं. खोटं कशाला सांगा, आठवलं. आणि खोलीत आता आपण तिघं आहोत, साडेतीन म्हटलं तरी चालेल, हेही तिच्या डोक्यात आलं.

तिनं 'हो' दाबलं.

५

यानंतरचे दिवस तिला नीट सांगता येत नाहीत. ओल्या वहीची पानं चिकटावीत तसे ते एकमेकांना चिकटलेले आहेत. मधुरा कॉटवर पाय पसरून बसलेली असते. घोटे दाबत म्हणते, "आज पाय फार सुजलेत ग. हॉस्पिटलात नाव उद्या घालू." सुमेधा म्हणते, "उद्या जाऊ." हे ती किती वेळा म्हणाली? तिला विचाराल तर ती सांगेल, एकदा.

त्या दुपारीही असंच झालं. चारची घंटा, लोड, बाबांचं हसणं, मधुराचे घोटे. मग नरहररावांनी प्रोग्राम लिहून पुरा केला आणि तारीख घातली. अकरा, एक. पडद्यावर अक्षरं उमटली: पौष वद्य अष्टमी.

"अहो, काय हे," सुमेधा हसून म्हणाली. "उद्या कोजागिरी. जानेवारी कुठला काढलात?"

त्यांनी तीच तारीख पुन्हा टाइप केली. तीच तिथी पुन्हा आली. मग ते नुसते तिच्याकडे बघत राहिले. शाळेत फळ्यापाशी अडलेल्या मुलाला वेळ देताना बघायचे तसे.

आजार आता इथंही शिरला म्हणायचा, असं तिच्या मनात आलं. उद्याच्या मसाला दुधासाठी दूध आणि चारोळी आणायच्या निमित्तानं ती उठली. चपला अडकवून खाली उतरली.

गल्लीत पाऊल टाकल्याबरोबर थंडी अंगात घुसली. साधी सुती साडी, उघडे हात. समोरून मफलर गुंडाळलेली माणसं येत होती. एका पायरीवर दोन म्हाताऱ्या शेगडीतल्या निखाऱ्यांवर हात शेकत बसल्या होत्या. वळणावर मलइयोवाला उभा होता, परातीत दुधाचा पिवळा फेस आणि मातीच्या कुल्हडांची उतरंड. ती जागच्या जागी थांबली. मलइयो दव पडायला लागल्याशिवाय होत नाही. बनारसमध्ये जन्म काढलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही.

"माताजी! इतनी ठंड में बिना शाल के?"

अन्नपूर्णा होती.

"तुम आज सबेरे आई क्यों नहीं?" सुमेधानं विचारलं.

स्वतःची शाल काढून सुमेधाच्या खांद्यावर टाकत अन्नपूर्णा म्हणाली, "आप ही ने तो मना किया था। दिवाली के पहले। बोलीं, बिटिया आ गई है, अब जरूरत नहीं।" मग अगदी हळू आवाजात, "बिटिया को क्या हुआ, माताजी? लड़का कि लड़की? जनम की थाली बजी नहीं, तो हम पूछे नहीं।"

६

जिने चढताना सुमेधाला आपला श्वास दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा ऐकू येत होता. मागून अन्नपूर्णा येत होती. दारात पोचली तेव्हा फळीवर मोबाइल वाजत होता.

"आई, कुशल बोलतोय. मी कोचीला उतरलो. परवा पोचतो." आवाजात घाई होती. "तारीख उलटून आठ दिवस झाले. मधुराला हॉस्पिटलमध्ये नेलंत का? बंदरावरून फोन केला की दर वेळी ती एकच सांगते, कालच पोचले, पाय सुजलेत. आधी मला गंमत वाटली. आई?"

सुमेधानं मधुराकडे पाहिलं. पोट तेवढंच होतं. तिन्ही मजले चढून आली त्या दिवशी होतं तेवढंच.

"कोण आहे, कुशल का?" मधुरानं विचारलं. "सांग त्याला, कालच पोचले."

सुमेधानं फोन बंद केला. सेव्ह करताना तिचा हात त्यांच्या खांद्यावर होता, गुडघा पोरीच्या गुडघ्याला; तिघंही त्यात गेली होती. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष. तीन महिन्यांच्या वर. ते सगळे दिवस त्या बंद दारापलीकडे उभे होते. अकरा दिवसांनी काय केलं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि ती नुसती दाढी होती. तिचं सगळं अंग म्हणायला लागलं की दार उघडायचं नाही. आत्ता लोड करायचं. लोड केलं की हे माहीतही राहणार नाही.

"सुमे, थांब," नरहरराव म्हणाले. "बंद कर ते."

"बंद केलं तर तुमचं काय होईल?"

"हे तू रोज विचारतेस."

"रोज?"

"कधी दूधवाल्याकडून कळतं, कधी कुशलच्या फोनवरून. तू वर येतेस, रडतेस आणि लोड करतेस." त्यांचा आवाज थकलेला होता, रागावलेला नव्हता. "तुला आठवत नाही. पोरीला आठवत नाही. मला आठवतं. मला आता सगळं आठवतं, सुमे. प्रत्येक वेळचं."

"मग तुम्हीच का नाही बंद केलंत इतक्या दिवसांत?"

"मी हात पुढे करतो. तू धरतेस. बघ."

तिनं खाली पाहिलं. त्यांचा उजवा हात लॅपटॉपपासून वीतभर अंतरावर होता आणि तिची पाचही बोटं त्यांच्या मनगटाभोवती आवळलेली होती. इतकी, की पेरं पांढरी पडली होती. आपण त्यांचा हात कधी धरला हे तिला कळलं नव्हतं.

"बाबा, काय चाललंय?" मधुरा कॉटवरून उठू लागली. "आई, तू अशी का बघतेस?"

दारात अन्नपूर्णा उभी होती. तिला यातला एक शब्द कळत नव्हता. पण तिनं मधुराचं पोट पाहिलं आणि तोंडावर पदर धरला. इतक्या दिवसांत या खोलीत चौथं माणूस कधी आलं नसावं. सुमेधानं त्या बाईच्या डोळ्यांत स्वतःला पाहिलं आणि तिची बोटं एकेक करून सुटली.

"इथं नको," ती कशीबशी म्हणाली. "आधी तिला डॉक्टरांच्या हाती देते. वेळ द्या मला."

नरहररावांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजायला दहा मिनिटं होती. "साडेपाचपर्यंत मी आहे. त्यानंतर मला हे यंत्र काय आहे तेही कळणार नाही. साडेपाचला पाच कमी असताना बंद करतो. जा."

मधुरा तेवढ्यातही वाकून त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. सुमेधा शाल सावरत राहिली.

७

अन्नपूर्णानं गल्लीतली दोन माणसं बोलावली. मधुराला खुर्चीत बसवून खाली उतरवलं, चौकापर्यंत तसंच नेलं. तिथून ई-रिक्षा. मधुरा सारखं म्हणत होती, "मला काही होत नाहीये ग, आई. उद्या आलो असतो." हॉस्पिटलच्या प्रसूती वॉर्डात पोचायला सव्वापाच झाले. पाच मिनिटं नाव लिहिण्यात गेली. डॉक्टरीण तरुण होती. तिनं पोट तपासलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सातवाँ महीना है। सब ठीक है। किस बात की इमरजेंसी?"

"पाँच मिनट रुकिए," सुमेधा म्हणाली. "हाथ जोड़ती हूँ।"

भिंतीवर घड्याळ होतं. पाच पंचवीस. मधुरा टेबलावर आडवी होती, वैतागलेली, लाजलेली. काही झालं नाही. पाच अठ्ठावीस. साडेपाच. डॉक्टरीण हातमोजे काढायला लागली. सुमेधाच्या डोळ्यांपुढे ती खोली आली, टेबल, हिरवट पांढरा उजेड. त्या उजेडासमोर बसलेला माणूस आता आपल्या हाताकडे बघत असेल, हा हात कशासाठी पुढे केला होता ते आठवत बसला असेल. साडेपाच वाजून दोन मिनिटं. तीन. परत जायला हवं. परत जाऊन आपणच. आणि परत गेलो तर आपण काय करू, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पाच पस्तीसला मधुरानं तोंड उघडलं. आवाज मात्र नंतर आला.

पुढचं सुमेधानं पाहिलं नाही. तिला बाहेर ढकललं. पडद्याच्या फटीतून तिला फक्त डॉक्टरिणीची पाठ दिसली. ती बाई मागे सरत सरत भिंतीला टेकली होती आणि नर्सला हाका मारत होती. आतून मधुरा आईला हाक मारत होती, मग नुसती ओरडत होती, मग एकदम काहीच नाही. सुमेधाची स्वतःची नखंही वाढून तळव्यांत रुतत होती; तिनं डोळे गच्च मिटले आणि कुठल्याच देवाचं नाव आठवेना म्हणून नवऱ्याचं घेतलं.

बारा मिनिटांनी नर्स बाहेर आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मुलगी आहे, म्हणाली. दोघी जिवंत आहेत. आणखी काही विचारू नका, कारण मला काही माहीत नाही.

अन्नपूर्णा तोवर नरहररावांकडे परत पोचली होती. तिचा फोन आला. बाबूजी गेले होते. लॅपटॉप मिटलेला होता आणि त्याच्यावर ते पालथे पडलेले होते, दोन्ही हातांनी झाकण दाबून धरून. "पहचान में नहीं आ रहे, माताजी," अन्नपूर्णा रडत होती. "दाढ़ी गले तक।"

साडेपाच उलटल्यावर ते पाच मिनिटं कसे टिकून राहिले, ते आता कुणीच सांगू शकत नव्हतं.

सुमेधाला आत बोलावलं. मधुरा डोळे मिटून पडली होती. छाती वरखाली होत होती. तीन महिन्यांचे केस उशीवर पसरले होते. नर्सनं फडक्यात गुंडाळलेलं बाळ पुढे केलं. ते रडत नव्हतं. जन्मल्यापासून रडलंच नाही, नर्स म्हणाली, पण श्वास चांगला आहे.

बाळाचे डोळे उघडे होते. तासाभराची मुलं बघतात तसे ते धुकट नव्हते. तिनं सुमेधाकडे नीट पाहिलं, अनेकदा भेटलेल्या माणसाकडे पाहावं तसं, प्रत्येक वेळचं आठवत असल्यासारखं. सुमेधानं हात पुढे केला, आणि त्या एवढ्याशा जीवानं आपली मूठ फडक्याच्या आत ओढून घेतली आणि तोंड फिरवलं.